अश्मरीहरणांतील हस्त व यंत्र

(१) अश्मरी म्हणजे लोकभाषेंतील मुतखडा. तो शस्त्रानें काढण्याची विद्या आपल्या ग्रंथांत कोणत्या स्वरूपांत आहे, तिची परंपरा कोठें तुटली, आणि हल्लीं याच कामीं जो यंत्रहस्त योजूं लागले आहेत त्याचा या विद्येशीं संबंध काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वैद्यकाचा असला तरी प्रश्न इतिहासाचा व पोथ्यांचा आहे. म्हणून तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

लेखास निमित्त घडलें तें असें. मागील वर्षीं प्रस्तुत लेखकाच्या उजव्या मूत्रपिंडांतील खडा पिंपरीच्या एका रुग्णालयांत काढण्यांत आला. पोटावर कोठेंही छेद न घेतां, मूत्रमार्गानेंच एक बारीक लवचीक नळी आंत नेऊन, लेझर-किरणानें खड्याचें चूर्ण केलें. शस्त्रवैद्यांनीं मागाहून सहज सांगितलें कीं, हीच नळी आतां कांहीं ठिकाणीं वैद्य स्वतः न धरतां यंत्राच्या हातीं देतात. चिंचवडास घरीं परतल्यावर समाचारास आलेल्या एका विद्वान् स्नेह्यांस ही हकीकत सांगतांच ते उद्गारले, "यांत नवें तें काय? हें सर्व सुश्रुतांत आहेच." जवळच माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. तो चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत यंत्रहस्तांच्या देखरेखीवर आहे. तो नम्रपणें म्हणाला, "सर, असेल तर पान काढून दाखवा ना."

पान काढलें. त्यांत जें आढळलें तें स्नेह्यांच्या विधानास पुरतें अनुकूल नव्हतें, आणि विद्यार्थ्याच्या संशयासही नव्हतें. तेंच येथें क्रमानें देतों.

(२) सुश्रुतसंहितेंत अश्मरीचा विचार दोन ठिकाणीं आहे : निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत रोगाची उत्पत्ति व लक्षणें, आणि चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत औषध व शस्त्रकर्म. संहितेचें मुद्रण प्रथम कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं इ. स. १८३५-३६ मध्यें केलें. पुढें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधलेली डल्हणाच्या टीकेसह आवृत्ति काढली; आज अभ्यासक बहुधा तीच वापरतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत हेंच कर्म चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायांत संक्षेपानें आलें आहे. महाराष्ट्रांत वैद्यांच्या घरीं वाग्भटाचें पठन विशेष असे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानेंही त्या ग्रंथावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली, आणि इ. स. १८८० मध्यें अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं मुंबईस त्याची आवृत्ति सिद्ध केली. तात्पर्य, ग्रंथ आपल्याकडे कधींच नष्ट झाला नाहीं. तो लिहिला गेला, त्यावर टीका झाल्या, व शेवटीं तो छापलाही गेला.

(३) आतां कर्माचें वर्णन. रोग्यास प्रथम स्नेहन व शोधन करून किंचित् कृश करावें. मग गुडघ्याएवढ्या उंच फळीवर एक बलवान् व न घाबरणारा पुरुष बसवून त्याच्या मांडीवर रोग्याचा पूर्वकाय उताणा टेकवावा, कटिप्रदेश वस्त्रांच्या आधारानें उंच करावा, गुडघे व कोंपरें आंखडून बांधावींत. नाभीच्या डाव्या बाजूस तेल चोळून, अश्मरी खालीं येईपर्यंत मुठीनें दाब द्यावा. नंतर नखें काढलेलीं व तेल लावलेलीं डाव्या हाताचीं तर्जनी व मध्यमा गुदमार्गानें आंत घालून, अश्मरी गुद व शिश्न यांच्या मध्यें आणावी व बोटांनीं असें दाबावें कीं ती गांठीसारखी वर उचलली जाईल. सीवनीच्या डाव्या बाजूस, तिच्यापासून एक यवमात्र अंतर सोडून, अश्मरीच्या मानानें छेद घ्यावा. ती फुटूं देऊं नये, तिचें चूर्ण होऊं देऊं नये. थोडा अंश राहिला तरी तो पुनः वाढतो. म्हणून ती संपूर्ण, टोंकास वांकलेल्या यंत्रानें काढावी. त्यानंतर रोग्यास कोमट पाण्याच्या द्रोणींत बसवावें. कोणत्या आठ जागा तुटल्या असतां हानि होते त्यांचीही गणना दिली आहे.

(४) या वर्णनांतील तीन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली, हें सर्व कर्म स्पर्शाचें आहे. वैद्यास अश्मरी दिसत नाहीं; ती बोटांस लागते. छेद कोठें घ्यावा हें डोळा सांगत नाहीं, आंत घातलेलीं दोन बोटें सांगतात.

दुसरी, वैद्याच्या मनांतील भीति. औषधानें उतार न पडल्यासच शस्त्राकडे वळावें; कुशल वैद्यासही येथें यश अनिश्चित असतें; कर्म न केल्यास मरण निश्चित व केल्यास संशय, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊन मग प्रवृत्त व्हावें, असें ग्रंथकार स्पष्ट सांगतो. अश्मरी पकडतांच रोग्याची दृष्टि स्थिर झाली व मान निर्जीवाप्रमाणें टाकली, तर ती काढूंच नये, असेंही बजावतो. ज्यानें असे रोगी प्रत्यक्ष पाहिले त्यालाच हें वाक्य सुचावें. केवळ कल्पनेनें लिहिणारा ग्रंथकार आपल्या कर्माचें अपयश इतक्या बारकाईनें नोंदवीत नाहीं.

तिसरी, हें कर्म विशेषेंकरून मुलांचें होतें. वात, पित्त व कफ यांपासून होणाऱ्या तिन्ही अश्मऱ्या बहुधा बालकांस होतात, व त्यांचें शरीर व बस्ती लहान असल्यामुळें त्या पकडणें व काढणें सुलभ जातें, असें निदानस्थानांत म्हटलें आहे.

(५) येथें स्नेह्यांच्या विधानाचें उत्तर मिळतें. सुश्रुताची अश्मरी ही मूत्राशयांतील अश्मरी होय, मूत्रपिंडांतील नव्हे. वृक्क हे दोन अवयव संहितेस माहीत आहेत. परंतु मूत्र तेथें उत्पन्न होतें ही कल्पना तींत नाहीं. नवा घट तोंडापर्यंत पाण्यांत ठेविला असतां तो जसा बाजूंनीं झिरपून भरतो, तशी बस्ती सूक्ष्म मार्गांनीं भरते, असा तेथें दृष्टांत आहे. जेथें मूत्रपिंडाचें कार्यच कळलें नाहीं तेथें त्यांतील खडा काढण्याचें शस्त्रकर्म असूं शकत नाहीं, आणि तें नाहींच. नसलेली गोष्ट आहे म्हणण्यानें ग्रंथाचा गौरव होत नाहीं. उलट जी खरोखर आहे तिजवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

मात्र त्याच अध्यायांतील दुसरा घटदृष्टांत आजही टिकणारा आहे. स्वच्छ पाणी नव्या घटांत ठेविलें तरी कालांतरानें तळाशीं गाळ बसतो, तशी अश्मरी बनते. मूत्रांत विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर झाले म्हणजे त्यांचे कण जमूं लागतात, हेंच आजचें रसायनशास्त्र सांगतें. वातज अश्मरी काळसर, कठीण, खडबडीत व कदंबपुष्पासारखी कांटेरी, हें वर्णन आज ज्यास ऑक्झलेटचा खडा म्हणतात त्यास बरेंच जुळतें. म्हणजे ग्रंथकारानें काढलेले खडे हातांत घेऊन, धुऊन, निरखून पाहिले होते.

(६) इतकें प्रत्यक्ष ज्ञान असतां विद्या खंडित कां झाली? याचें उत्तर केवळ आपल्याच इतिहासांत शोधणें बरोबर नाहीं, कारण हीच गोष्ट अन्यत्रही घडली. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नांवावर चालणाऱ्या शपथेंत, अश्मरीच्या रोग्यावर आपण शस्त्र चालविणार नाहीं, तें काम तें करणाऱ्यांकडे सोडूं, असें वचन आहे. रोमन ग्रंथकार सेल्ससनें इ. स. च्या पहिल्या शतकांत जें अश्मरीकर्म लिहिलें तें सुश्रुतोक्त कर्माशीं पुष्कळ जुळतें. तथापि युरोपांत तें शतकानुशतकें फिरत्या शस्त्र्यांच्या हातीं राहिलें. ग्रंथ विद्यापीठांत, आणि सुरी जत्रेंत, अशी तेथेंही वांटणी झाली.

या कर्माचें भय किती होतें हें लंडनच्या सॅम्युअल पीप्स याच्या उदाहरणावरून दिसतें. ता. २६ मार्च १६५८ रोजीं त्याच्या मूत्राशयांतील खडा कापून काढला. तो वांचला, आणि त्या तिथीस दरवर्षीं मेजवानी देण्याचा त्यानें संकल्प केला. त्याची प्रसिद्ध रोजनिशी इ. स. १६६० मध्यें सुरू होते. त्याच वर्षीं (शके १५८२) आमच्या चाकणास फिरंगोजी नरसाळा शाएस्तेखानाच्या सैन्याशीं संग्रामदुर्ग लढवीत होता. काळ ध्यानांत यावा म्हणून एवढा उल्लेख केला.

(७) आपल्याकडील वांटणीचा उत्तम पुरावा अश्मरीचा नसून नासिकेचा आहे, आणि तो पुण्याचा आहे. टिपूशीं झालेल्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा मनुष्य टिपूच्या हातीं सांपडला, व त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या जातीच्या माणसानें त्यास नवें नाक बसविलें. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं हें कर्म पाहिलें, आणि त्याचा चित्रासह वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यानें इ. स. १८१४ मध्यें लंडनमध्यें तें कर्म केलें.

येथें एक भेद बारकाईनें पाहण्यासारखा आहे. सुश्रुताच्या नासासंधानांत गालाची त्वचा घेण्यास सांगितलें आहे. पुण्याच्या कारागिरानें ती कपाळावरून घेतली. म्हणजे त्याची विद्या पोथीवरून आलेली नव्हती. ती हातावरून हातावर आलेली होती, आणि वाटेंत सुधारलीही होती. परंतु ती सुधारणा आपल्याकडील एकाही टीकाकाराच्या लेखणींत उतरली नाहीं. पुण्याच्या वाड्यांतून शास्त्री गाल शिकवीत राहिले, आणि गांवाबाहेर विटा घडविणारा कपाळ वापरीत राहिला. त्या माणसाचें नांवही त्या वृत्तांतांत नाहीं.

सुश्रुतानें या स्थितीचें भाकीत पूर्वींच करून ठेविलें होतें. जो केवळ शास्त्र जाणतो व जो केवळ कर्म जाणतो, ते दोघेही अर्धवट होत, एका पंखाच्या पक्ष्यासारखे, असें तो सूत्रस्थानांत म्हणतो. पुढें भोपळा, दुधी, कलिंगड यांवर छेदनाचा व पाण्याचिखलानें भरलेल्या पखालींवर भेदनाचा सराव करून घ्यावा, असा एक अध्यायच आहे. आपल्या घराण्यांनीं पोथी राखली, परंतु भोपळा सोडून दिला. विद्या गेली ती या मार्गानें.

(८) अश्मरीकडे परत वळतों. एकोणिसाव्या शतकांत या कर्माचें रूप पालटलें. पॅरिसच्या सिव्हियालनें इ. स. १८२४ मध्यें छेदावांचून मूत्रमार्गानें यंत्र घालून मूत्राशयांतच खडा फोडला. अमेरिकेच्या बिगलोनें इ. स. १८७८ मध्यें तो एकाच बैठकींत फोडून सर्व कण धुऊन काढण्याची रीति बसविली. ही रीति लहान मुलांस लागू पडणार नाहीं असा समज होता. तो दूर करणाऱ्यांत होळकरांच्या इंदूर शहरीं रेसिडेन्सीचा शस्त्रवैद्य असलेला कीगन हा प्रमुख होय. त्यानें इ. स. १८८० नंतरच्या दशकांत मुलांवर हें कर्म करून त्यावर ग्रंथ लिहिला. याच कीगननें इ. स. १९०० मध्यें भारतीय नासासंधानावरही पुस्तक लिहिलें. सुश्रुताचीं दोनही प्रसिद्ध कर्में एका मराठी राज्याच्या राजधानींत एकाच माणसाच्या हातीं पुनः एकत्र आलीं. परंतु तो माणूस परदेशी होता, आणि हात व लेखणी हीं दोनही त्याचीं होतीं.

खडा फोडूं नये हा सुश्रुताचा निषेध येथें मोडला, हें खरें. परंतु निषेधाचें कारण मोडलें नाहीं. उरलेला कण पुनः वाढतो, हें आजही तितकेंच सत्य आहे, म्हणून फोडल्यानंतर सर्व कण निघाले कीं नाहीं हें पाहण्याची दक्षता घ्यावी लागते. विधि बदलला व हेतु राहिला. ग्रंथ वाचतांना या दोहोंतील विवेक राखावा.

(९) मूत्रपिंडापर्यंत शस्त्र पोहोंचण्यास आणखी काळ लागला. इ. स. १८८० मध्यें लंडनच्या हेन्री मॉरिसनें मूत्रपिंड उघडून खडा काढला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें मोठा छेद हाच मार्ग होता, आणि छेदानंतर होणारा पू हा रोग्याचा मोठा वैरी होता. पेनिसिलिन आल्यावर तें भय पुष्कळ ओसरलें. इ. स. १९५४ मध्यें सरकारनें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापून पेनिसिलिन देशांत बनविण्याचा उद्योग आरंभिला. आज ज्या टापूस लोक केवळ मोटारींचा म्हणून ओळखतात, त्याची आधुनिक वसाहत औषधाच्या कारखान्यापासून वाढली, ही गोष्ट पुढील पिढीस सांगावयास हवी.

पुढच्या पायऱ्या दुर्गाच्या दृष्टांतानें लवकर ध्यानांत येतील. तट पाडून आंत शिरणें हा जुना मोठा छेद. इ. स. १९७६ मध्यें स्वीडनच्या फर्नस्ट्रोम व योहान्सन यांनीं पाठींतून बारीक छिद्र पाडून त्यावाटे खडा काढला. हा चाकणच्या बुरुजाखालच्या सुरुंगासारखा. ता. ७ फेब्रुवारी १९८० रोजीं म्यूनिक येथें ख्रिश्चन शॉसी व त्याचे सहकारी यांनीं शरीराबाहेरून आघाताच्या लहरी सोडून खडा फोडला; ही दुरून डागलेली तोफ. आणि मूत्रमार्ग, मूत्राशय व मूत्रवाहिनी या स्वाभाविक वाटेनें लवचीक दुर्बीण मूत्रपिंडांत नेणें म्हणजे किल्ल्याच्या दरवाज्यानेंच आंत जाणें होय. या दुर्बिणीची जाडी सुमारें ३ मिलिमीटर असते. तिच्या पोटांतून केंसासारखा तंतु जातो व त्याच्या टोंकाचा लेझर-किरण खड्याचें चूर्ण करतो. प्रस्तुत लेखकावर झालेलें कर्म तें हेंच.

(१०) हें काम वैद्याच्या शरीरास कठीण आहे. क्ष-किरणांपासून रक्षण व्हावें म्हणून अंगावर शिशाचा जड अंगरखा घालून, दुर्बीण एका हातीं तोलून, मनगट वांकवीत, अंगठ्यानें टोंक फिरवीत, त्यानें तास तास उभें राहावयाचें. येथें यंत्रहस्त उपयोगी पडतो.

या यंत्रास इंग्रजी व मराठी व्यवहारांत रोबो म्हणतात. शब्द चेक भाषेंतील आहे. कारेल चापेक याच्या इ. स. १९२० च्या नाटकानें तो जगांत पसरला, व त्याच्या मुळाशीं असलेल्या शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. आमच्या जुन्या कागदांत वेठबिगार हा शब्द पदोपदीं आढळतो. तेव्हां रोबोचा खरा मराठी अर्थ वेठ्या असा होईल.

परंतु चाकणचा वेठ्या आणि शस्त्रगृहांतील वेठ्या एक नव्हेत, हें माझ्या विद्यार्थ्यानें मला समजाविलें. चाकण परिसरांत फोक्सवॅगनचा कारखाना इ. स. २००९ मध्यें उघडला, आणि बजाज ऑटोनें चाकणच्या आपल्या कारखान्यांत इ. स. २०१० पासून माणसांशेजारीं काम करणारे लहान डॅनिश यंत्रहस्त बसविले. अशा लहान यंत्रास कारागीर स्वतःच्या हातानें वळवून एकदां वाट दाखवितो. नंतर तें तीच हालचाल हजारों वेळां न चुकतां करतें. तेथें हात एकदां शिकवितो व बाजूस होतो. शस्त्रगृहांतील यंत्रहस्त याच्या उलट आहे. वैद्य थोड्या अंतरावर आसनावर बसून नियंत्रक हलवितो, आणि तो हलवील तेवढेंच यंत्र हलतें. तो थांबला कीं यंत्र थांबतें. कारण असें कीं, मोटारीचा सांगाडा दररोज तोच असतो. रोग्याचें मूत्रपिंड प्रत्येकाचें निराळें असतें व श्वासासरशीं वरखालीं होतें.

(११) लवचीक दुर्बिणीकरितां यंत्रहस्त योजण्याचा आरंभींचा एक प्रयत्न भारताशीं निगडित आहे. मूळ हृदयाच्या नलिकांकरितां घडविलेलें यंत्र मूत्रपिंडाच्या खड्यांकरितां वापरून १८ रुग्णांचा वृत्तांत इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झाला, व त्याच्या लेखकांत गुजराथेंतील नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयाचे शस्त्रवैद्य होते. पुढें तुर्कस्थानांत याच कामाकरितां निराळें यंत्र घडविण्यांत आलें, आणि ८१ रुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत इ. स. २०१४ मध्यें आला. त्या यंत्रास ॲव्हिसेना हें नांव दिलें आहे. हें इब्न सीना या जुन्या वैद्याच्या नांवाचें युरोपीय रूप. नव्या यंत्रास जुन्या ग्रंथकाराचें नांव द्यावेंसें वाटणें ही मनुष्यमात्राची वृत्ति दिसते.

या यंत्राचे गुणदोष सरळ सांगितले पाहिजेत. दुर्बीण आंत नेण्याचा पहिला भाग वैद्य स्वहस्तें करतो. मग ती यंत्रावर चढवितो. नंतर ती पुढेंमागें करणें, फिरविणें व तिचें टोंक वांकविणें हीं कामें नियंत्रकानें होतात. हालचाल सूक्ष्म व स्थिर होते, वैद्य बसून काम करतो, व किरणांपासून दूर राहतो. खडा निघून जाण्याचें प्रमाण मात्र कुशल हातानें केलेल्या कर्माहून फारसें निराळें दिसत नाहीं. लाभ मुख्यतः वैद्याच्या शरीरास आहे, व यंत्राची किंमत भारी आहे. आणि एक हानि आहे : ॲव्हिसेना यंत्रांत स्पर्श वैद्याच्या बोटापर्यंत येत नाहीं. सुश्रुताचा वैद्य न पाहतां स्पर्शानें काम करीत असे. हा वैद्य स्पर्शावांचून केवळ पाहून काम करतो. दोन हजार वर्षांत अश्मरीहरण बोटांतून डोळ्यांत आलें, असें एका वाक्यांत म्हणतां येईल.

(१२) मग हाताचें स्थान काय राहिलें? सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत १०१ यंत्रें सांगितलीं आहेत : स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ व उपयंत्रें २५. आणि या सर्वांत हात हेंच प्रधान यंत्र होय, कारण सर्व यंत्रें त्याच्या अधीन आहेत, असें तेथें म्हटलें आहे. या वचनाचा अर्थ पुष्कळ लोक असा घेतात कीं, हातानें करावें, यंत्रानें करूं नये. तो अर्थ बरोबर नाहीं. प्रधान म्हणजे एकटा नव्हे. ज्याच्या अधीन इतर चालतात तो प्रधान.

शिवाय १०१ ही संख्या बंद केलेली नाहीं. यंत्रें पूर्वींच्या आकारांशीं सादृश्य पाहून, शास्त्रावरून, उपदेशावरून, दुसरीं यंत्रें पाहून व युक्तीनें करवावींत. शल्यांचे प्रकार असंख्य असल्यामुळें बुद्धिमानानें यंत्रांचीं कर्में स्वबुद्धीनेंही विभागावींत, असें त्याच अध्यायांत आहे. दुसरीं यंत्रें पाहून नवें करण्याची ही मोकळीक ज्या ग्रंथांत आहे, त्या ग्रंथाचा अभिमान धरणाऱ्यानें सर्व कांहीं पूर्वीं होतेंच असें म्हणणें, हा त्या ग्रंथाचाच अवमान होय. यंत्रहस्त सुश्रुतांत नाहीं. परंतु यंत्रहस्तास येऊं देणारें दार सुश्रुतांत आहे. स्नेही व विद्यार्थी या दोघांसही मीं हेंच उत्तर दिलें.

(१३) आतां ज्याकरितां हा लेख या मंडळींपुढें आणला तो मुद्दा. आजवर हाताची विद्या लिहितां येत नव्हती. सुश्रुतानें यवमात्र अंतर लिहिलें, डाव्या बाजूचें नांव लिहिलें. परंतु बोटांनीं किती दाबावें, मूठ केव्हां सैल करावी, हें शब्दांत उतरलें नाहीं व उतरणार नव्हतें. म्हणून पोथी राहिली व हात गेला. पुण्याच्या त्या विटा घडविणाऱ्याजवळ हात होता, पण पोथी नव्हती. म्हणून त्याचें नांवही राहिलें नाहीं.

संगणकाच्या द्वारें चालणाऱ्या यंत्रहस्तांत वैद्याच्या हाताची प्रत्येक हालचाल आधीं अंकांत उतरते व मग यंत्राकडे जाते. जी अंकांत उतरते ती सांठवितां येते. अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २०१४ मध्यें आठ शस्त्रवैद्यांच्या, टांके घालणें, सुई ओंवून नेणें व गांठ मारणें या तीन कृतींच्या अशा नोंदी अभ्यासकांस खुल्या केल्या. इतिहासांत प्रथमच हाताची पोथी होऊं लागली आहे. अश्मरीहरणाच्या दृष्टीनें या यंत्राचें खरें महत्त्व मला येथें वाटतें. वैद्याची पाठ दुखत नाहीं हा लाभ मोठा असला तरी तो त्यापुढें लहान आहे.

परंतु पोथी झाली म्हणजे विद्या राहिली असें होत नाहीं, हें आपल्यावांचून कोणास अधिक ठाऊक असणार? कोनाड्यांत कसर लागलेलीं पानें आपण पाहिलीं आहेत. ज्या बाडाचा मालक कोणास हात लावूं देत नाहीं, त्या बाडाची गति काय होते हेंही पाहिलें आहे. हाताच्या या नव्या पोथ्या यंत्र बनविणाऱ्यांच्या कोठारांत बंद राहिल्या, किंवा यंत्र जुनें झालें म्हणून टाकून दिल्या गेल्या, तर दोनशें वर्षांनंतरचा संशोधक आज आपण त्या अनामिक कारागिराबद्दल जो खेद करतों तोच करील. पोथी जतन करणें, तिची नक्कल ठेवणें, ती वाचणाऱ्यास मोकळी करणें, आणि तिच्या बरोबर भोपळ्यावरचा सरावही चालू ठेवणें, या चार गोष्टी एकत्र झाल्या तरच पक्ष्यास दुसरा पंख येईल.

(१४) शेवटीं एक विनंति. ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें आहेत त्यांनीं वाग्भटाच्या चिकित्सास्थानाचा अकरावा अध्याय उघडून समासांतील टिपा पहाव्या. कोणीं छेदाच्या मापाजवळ, यंत्राच्या नांवाजवळ, अगर रोग्याच्या गतीविषयीं स्वतःच्या अनुभवाची एखादी ओळ लिहिली असेल, तर ती मूळ संहितेइतकीच मोलाची समजावी व प्रसिद्ध करावी. मूळ श्लोक छापून झाला आहे, तो आतां हरवत नाहीं. हरवतें तें समासांतलें. माझा विद्यार्थी चाकणहून दर रविवारीं येतो. आम्हीं दोघांनीं सूत्रस्थानाचा सातवा अध्याय वाचण्यास घेतला आहे. यंत्राचे बारा दोष तेथें सांगितले आहेत : फार जाड, फार लांब, फार आंखूड, वांकडें, सैल, न पकडणारें, विषम पकडणारें इत्यादि. ते ऐकून तो म्हणाला, "सर, आमच्या कारखान्यांत रोज सकाळीं यंत्र तपासायला हीच यादी लावतां येईल." त्यानें ती आपल्या वहींत उतरून घेतली आहे.